शेतमाल आणि भाड्यासाठी जुनी डिझेल पिकअप: कोणत्या सालची घ्यावी?

राम राम भाऊ.

तुमचा प्रश्न मी असा समजलो: यावल तालुक्यात शेती, केळी आणि कापूस घरचा, आठवड्यातून एखाददोनदा जळगाव मार्केट, सीझनला सुरत नाहीतर इंदूरचं भाडं. जुनी डिझेल पिकअप घ्यायचीय. समोर तीन गाड्या आहेत, २०१४ची, २०१९ची आणि २०२१ची. यातलं ‘बेस्ट मॉडेल’ कोणतं? आणि दहा वर्षं झालेली डिझेल गाडी बंद करतात म्हणे, ते खरं का?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. तुमच्या कामाला २०१८-१९ची बीएस-४ (बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराचा सरकारी नियम; आकडा मोठा तसा नियम कडक). २०२१ची गाडी वाईट नाही, पण ती रोज हायवेवर पळणाऱ्याची गाडी आहे. २०१४ची काही अटींवरच, त्या पुढे सांगतो. दहा वर्षांचं म्हणाल, तर तो नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या एनसीआर पट्ट्याचा, तिथल्या हवेपायी आलेला. आपल्या जळगावच्या एमएच-१९ला तो लागू नाही. आपल्याकडे तो व्हॉट्सअॅपवर फिरतो आणि विकणाऱ्याला घाबरवून भाव पाडायच्या कामी येतो.

मी फैजपूरकडचा. घरच्या पिकअप केळीवर चालतात, त्यामुळे ओळखीपाळखीत कुणाला जुनी गाडी बघायची असली की मला गाडीत घालून नेतात. त्यात एक गोष्ट पक्की झाली: मालवाहू गाडीचं साल विचारणं म्हणजे इंजिन कोणत्या नियमातलं आहे ते विचारणं. बंपर, हेडलाइट, डॅशबोर्ड दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, त्याचा आपल्या पोटाशी संबंध नाही. इंजिनाच्या नियमाच्या तारखा मात्र मोजक्याच. बीएस-४ मोठ्या शहरांत आधी आलं, देशभर १ एप्रिल २०१७ला. बीएस-६ देशभर एकदमच, १ एप्रिल २०२०ला. त्याचा आणखी कडक दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ला.

आता या तारखांच्या काठावरच्या गाड्या जपून बघा. २९ मार्च २०१७ला सुप्रीम कोर्टाने १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकायला बंदी केली आणि शोरूमवाल्यांनी उरलेला माल दोन दिवसांत सवलतीत मोकळा करायला काढला. त्यामुळे ‘२०१७ची गाडी’ एवढ्या माहितीवर ती बीएस-३ आहे की बीएस-४ हे कळत नाही. आरसीवर बनावटीचा महिना असतो आणि बीएस कोणतं तेही लिहिलेलं असतं, ते वाचा. तसंच २०२०च्या मार्चचं. बीएस-४ खपवायची घाई आणि त्यातच लॉकडाऊन, नोंदणीचे घोळ कोर्टापर्यंत गेले. त्या महिन्यातली बीएस-४ घ्यायची तर सरकारच्या ‘वाहन’ साइटवर नंबर टाकून नोंदणीची तारीख, फिटनेस, विमा सगळं डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढची बोलणी नको.

बीएस-३ म्हणजे आपली जुनी बोलेरो पिकअप, टाटा २०७ डीआय ही मंडळी. २०७चं २९५६ सीसीचं इंजिन काय किंवा महिंद्राचं २५२३ सीसीचं जुनं डीआय काय, साधा पंप, साधे नोझल. सावद्यापासून शहाद्यापर्यंत कुठल्याही टपरीवरचा मिस्त्री उघडून बसवून देतो. डिझेल जरा इकडचं-तिकडचं पडलं तरी कुरकुरत चालते. त्यामुळे गाव ते शेत एवढंच काम असेल तर आजही ही गाडी तोट्यात जात नाही. पण तुम्हाला भाडंही मारायचंय. वय झालेल्या गाडीला खर्च इंजिनाचा कमी आणि कागदाचा जास्त. मालवाहू गाडीचा फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यापुढे दरवर्षी. आठ वर्षांनंतर आपल्या राज्यात पर्यावरण कर लागतो. आणि पंधरा वर्षं उलटली की फिटनेसची फी अशी चढते की गाडीची किंमत आणि फी शेजारी मांडून बघावी लागते. २०१४ची गाडी २०२९ला त्या रेषेवर येते. म्हणजे तुम्ही ती घ्याल तेव्हाच तिचा पुढचा गिऱ्हाईक कमी झालेला असेल.

बीएस-४ला इंजिन कॉमन रेल झालं. पिकअपमध्ये २५२३ सीसीचंच पण नव्या पद्धतीचं, टाटाने २०७च्या जागी योद्धा आणली त्यातही तसंच. ओढ सुधारली, धूर कमी झाला, अॅव्हरेज बरं मिळू लागलं. किंमत एकच मोजावी लागते: डिझेल शुद्ध पाहिजे. कॉमन रेलमध्ये डिझेल हजार बारच्या वर दाबाने इंजेक्टरमधून जातं. त्यात पाण्याचा थेंब किंवा कचरा गेला की इंजेक्टर बसला, आणि तो टपरीवर दुरुस्त होत नाही. आपल्याकडे मोटारीसाठी, ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये डिझेल भरून ठेवायची सवय आहे, त्यातलं यात ओतू नका. हायवेच्या कडेला ‘बायोडिझेल’ म्हणून स्वस्तात मिळतं ते तर अजिबात नाही. घेताना मागच्या मालकाला सहज विचारायचं, डिझेल कुठे भरायचा? पंपाचं नाव चटकन आलं तर ठीक. मग फिल्टरखालचा पाण्याचा बोल्ट सैल करून बाटलीत थोडं डिझेल काढा आणि उजेडात धरा. तळाशी पाणी दिसलं तर इंजेक्टर तपासल्याशिवाय सौदा नको.

बीएस-६बद्दल लोक टोकाचं बोलतात. कुणी म्हणतो घेऊच नका, कुणी म्हणतो नवीन ते नवीन. मूळ गोष्ट सायलेन्सरमध्ये आहे. या गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला सगळे डीपीएफ म्हणतात. अडवलेली काजळी जळून जायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो, आणि तो तापतो सलग हायवेवर पळाल्यावर. नॅशनल हायवे ५३ला धुळ्याकडे निघालात की हे काम गाडी आपोआप करते, तुम्हाला कळतसुद्धा नाही. पण शेतातून घड भरून चार-पाच किलोमीटरवर पॅकिंगला, तिथे इंजिन चालू ठेवून उभी, परत शेतात, असं दिवसभर चाललं की ती काजळी जळतच नाही. मग मीटरवर दिवा लागतो. ड्रायव्हर त्याच्यावर स्टिकर लावतो. काही दिवसांनी भरलेली गाडी कोंडाईबारीच्या घाटात उचलच खात नाही. ‘डीपीएफ खाली करून देतो’ म्हणणारे भेटतील. ते बेकायदेशीर आहे, फिटनेसला अडकता आणि पुढे विकताना परत भरता. शिवाय काही बीएस-६ गाड्यांना धूर साफ करायला युरियाचं पाणी लागतं, काहींना नाही. डिझेलच्या झाकणाशेजारी निळं झाकण आहे का बघा. असेल तर ते चालू आहे की कुणी फसवून बंद केलंय हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून बघून घ्या, अंदाजाने नको.

म्हणून म्हणतो, तुमचं काम आठवड्यातले पाच दिवस छोट्या फेऱ्यांचं आहे, तुम्हाला बीएस-४ सोसेल. उद्या सुरतची लाइन बांधून मिळाली, रोजची फेरी ठरली, तर उत्तर उलटं: तेव्हा २०२१ किंवा त्यानंतरची घ्या. २०२२-२३ची मॅक्स पिकअप बजेटात आली तर आणखी बरं.

२०१८ आणि २०१९मध्ये माझा कल २०१९कडे. दोन कारणं. २०१९ची गाडी आठ वर्षांची होते २०२७ला, तोवर फिटनेसची दरवर्षीची दगदग नाही. आणि बीएस-४ येऊन दोन वर्षं झालेली, त्या इंजिनाचे सुरुवातीचे नखरे मिस्त्रींना आणि कंपनीला दोघांनाही कळून चुकले होते. १ एप्रिल २०१९नंतरच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट कंपनीकडूनच आलेली असते. त्याआधीच्या गाडीला ती बसवून घेतली आहे का ते बघा, नसेल तर भावातून वजा करा.

हे झालं सालाचं. पण २०१९ची वाळूवर चाललेली गाडी आणि २०१५ची किराणा वाहणारी गाडी यात मी डोळे मिटून २०१५ची घेईन. आपल्या भागात गिरणा-तापीच्या वाळूने चांगल्या चांगल्या गाड्यांची माती केलीय. दीड टन पासिंगच्या गाडीत अडीच टन ओली वाळू, तीही रात्रीची, नदीपात्रातून. विकताना हौदा धुऊन रंगवून आणतात, पण फाळक्याच्या बिजागरीत आणि हौद्याच्या कोपऱ्यातल्या फटीत नख घालून बघा, चकाकती बारीक वाळू तिथे राहतेच. मग खाली वाका. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, मोजा. सगळे गंजलेले आणि त्यात एक-दोन वेगळ्या रंगाचे असतील तर पाटे वाढवलेत, म्हणजे गाडीने जादा वजन ओढलंय. चेसीवर मागच्या चाकाच्या वर वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग दिसला तर चहा पिऊन परत या. अशा गाडीवर तहसीलचा गौण खनिजाचा दंड थकलेला असू शकतो, तेही विचारा. केळीवर चाललेल्या गाडीचा हौदा चिकाने काळा पडलेला असतो, दिसायला घाणेरडा, पण त्याला भिऊ नका. केळी हलकी भरतात, माल जपून नेतात. पाणी मुरून पत्रा गंजला असेल तेवढं बघा.

इंजिनाचं एक सांगतो. धुळ्याला पारोळा रोडला एक गाडी बघायला गेलो होतो. मालकाने दहाला बोलावलं, आम्ही सातलाच जाऊन थांबलो. तरी बॉनेट कोमट. सोबतचा मिस्त्री शिरपूरकडचा, तो सरळ बोलला, “तापाडेल गाडी माले दखाडू नको.” दुपारपर्यंत गाडी बंद ठेवायला लावली, मग सेल मारला. चालू व्हायला वेळ लागला, आणि ऑइल भरायचं झाकण काढून उलटं ठेवलं तर ते तोंडावर थडथड नाचायला लागलं, खालून धुराचे भपके. बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन आतून झिजलेलं. मीटर पंच्याऐंशी हजार दाखवत होतं आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत होऊन आतला पत्रा दिसत होता. झाकण आणि पेडल, या दोन्ही तपासण्या फुकट आहेत, त्याला मिस्त्रीही लागत नाही. टेस्ट मारायची तर रिकामी मारू नका. मालकाला म्हणा टनभर माल टाकू, लळिंगच्या चढाला नेऊ, आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. मे महिन्यात भुसावळचं तापमान पंचेचाळीसच्या आसपास जातं, तेव्हा अर्धवट चोकअप रेडिएटर डिसेंबरमध्ये कळत नाही.

कागदाचं थोडक्यात. आरसीवर भरलेल्या गाडीचं एकूण वजन बघा. ३००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, त्यापुढे लागतं, आणि एकाच नावाच्या पिकअपमध्ये दोन्ही प्रकार आहेत. लायसन्स साधं एलएमव्हीचं चालतं, नोव्हेंबर २०२४ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ते पक्कं केलं, मर्यादा ७५०० किलो. बऱ्हाणपूर, सेंधव्याकडून एमपी पासिंगची गाडी स्वस्त दिसते. पण तिची एनओसी, इकडचा टॅक्स, नवीन नंबर धरून हिशेब करा, बहुतेक वेळा स्वस्ताई तिथेच संपते. ई-चलन किती थकलेत ते नंबर टाकून बघा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३०वर नुसत्या सह्या घेऊन गाडी घरी आणायची पद्धत आपल्याकडे आहे, ती सोडा. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर क्लेमच्या वेळी फाटे फुटतात.

आता तुमच्या तीन गाड्या. २०१४चा मालक एकटा असेल, पहिलाच असेल, गाडी वाळूवर गेलेली नसेल आणि भाव इतका खाली असेल की चार-पाच वर्षांत वसूल होईल, तरच तिच्याकडे बघा. माझ्या अटी त्याच. २०२१ची मागच्या मालकाने कशावर चालवली ते विचारा. गावातल्या गावात चालवली असेल तर सोडून द्या. २०१९ची आधी इंजिन गार असताना चालू करून बघा, मग खालून, मग आरसी. आरसीवर फायनान्सचा बोजा दिसला आणि मालक म्हणाला, “एनओसी आठ दिवसांत येते भाऊ,” तर बयाणाही आठ दिवसांनीच द्या.