नुरा कुस्ती, केफेब आणि झिबिस्को

खानापूरकडच्या एका तरुण सदस्याचा प्रश्न आहे. गावच्या जत्रेतलं मैदान बघून घरी आल्यावर त्याने मोबाइलवर डब्ल्यूडब्ल्यूई लावलं, तर आजोबा म्हणाले, "ही सगळी नुरा कुस्ती. काय बघायलास त्यात?" आजोबांचं खरं का, आणि चाहते बोलताना केफेब, वर्क, शूट, हील असं जे म्हणतात ते काय, एवढं त्याला हवंय.

निकाल आधी ठरलेला असतो, हे आजोबांचं बरोबर. त्यात आता गुपित काही राहिलेलं नाही. १९८९ साली डब्ल्यूडब्ल्यूई चालवणाऱ्या कंपनीनेच न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे सांगून टाकलं की आमचा प्रकार म्हणजे करमणूक आहे, स्पर्धा नव्हे. कारण ऐकशील तर हसशील. खेळ म्हटला की राज्याच्या क्रीडा आयोगाचं नियंत्रण आलं, परवाने आले, कर आले. करमणूक म्हटलं की सुटका. पिढ्यान्‌पिढ्या जिवापाड जपलेलं गुपित शेवटी पैसे वाचवायला फोडलं.

पण आपल्याकडच्या नुरा कुस्तीत आणि ह्यात एक मोठा फरक आहे. आपल्या मैदानात ठरवून कुस्त्या होतच नाहीत असं कुणी म्हणत असेल, तर त्याने मैदानं फारशी बघितलेली नाहीत. एक नंबरची कुस्ती लागते, हलगी कडाडते, आणि मग अर्धा तास नुसती खडाखडी. मान धरायची, सोडायची, परत मान. लोक शिट्ट्या मारायला लागतात, निवेदक एकदा मराठीत आणि एकदा कन्नडात शांत बसा म्हणून सांगतो. शेवटी पंच बरोबरीत सोडवतात आणि दोघे आपापलं मानधन घेऊन गाडीत बसतात. फसला कोण? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आलेला आणि दुपारपासून उन्हात थांबलेला माणूस. डब्ल्यूडब्ल्यूईच्या प्रेक्षकाला सगळं ठाऊक असतं आणि ठाऊक असूनच तो तिकीट काढतो. त्याला फसवायचं नसतं, त्याला चिडवायचं, रडवायचं आणि उभं राहून ओरडायला लावायचं असतं.

सुरुवातीला मात्र तिथंही फसवणूकच होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर गावोगाव फिरणाऱ्या जत्रा वाढल्या. त्यात एका तंबूपुढे पैलवान उभा करायचे आणि एक माणूस ओरडायचा: ह्याच्यापुढे एवढी मिनिटं टिकून दाखवा आणि पैसे घेऊन जा. गर्दीतून पहिला उठणारा बऱ्याचदा त्यांचाच माणूस असायचा. तो टिकायचा, पैसे घ्यायचा, गावच्या पोरांना वाटायचं हे तर सोपं आहे. पैजा लागायच्या, आणि मग तो पैलवान खरा कामाला लागायचा. आजची बोली ह्या तंबूंतली आहे. ज्याचा खिसा रिकामा करायचा तो मार्क. ठरवून केलेलं ते वर्क. खरोखरची झुंज ती शूट. आणि बाहेरच्या माणसापुढे सगळं खरंच आहे असं वागत राहायचं, तो केफेब.

केफेब किती कडक पाळायचे बघ. एकमेकांचे वैरी दाखवलेले दोघे एका गाडीतून फिरायचे नाहीत, एका टेबलावर जेवायचे नाहीत. १९८७ साली आयर्न शेख आणि जिम डुगन हे त्या वेळचे कट्टर दुश्मन न्यू जर्सीत एकाच गाडीत पोलिसांना सापडले. गाडीत अमली पदार्थ होते तो भाग वेगळा. पण धंद्यातल्या लोकांना जास्त लागलं ते दोघे एकत्र सापडले ह्याचं. दोघांचीही नोकरी गेली. डुगन थोड्या दिवसांत परत आला ते सोड.

आता आजोबांना ज्यात रस वाटेल तिकडे येतो. आपला गामा आणि पोलंडचा पैलवान झिबिस्को ही नावं त्यांनी नक्की ऐकलेली असणार. आपल्याकडच्या तालमीत ही गोष्ट ऐकल्याशिवाय पोरगं मोठं होत नाही. १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये दोघांची कुस्ती झाली. गामाने त्याला लगेच खाली घेतलं, आणि झिबिस्को जो पोटावर चिकटला तो अडीच तास जवळजवळ तसाच. पाठ काही लागली नाही. कुस्ती बरोबरीत सोडवली, परत तारीख ठरली, तर झिबिस्कोसाहेब आलेच नाहीत. पुढे १९२८ मध्ये पतियाळात गामाने त्याला मिनिटाच्या आत चितपट केलं. आपल्याकडे गोष्ट इथं संपते.

तिकडे तीच गोष्ट वेगळ्या वळणाने जाते. खरी कुस्ती, खासकरून दोन तुल्यबळ पैलवानांची, बघायला कंटाळवाणी असू शकते, हे आपण मान्य करायला हरकत नाही. १९०८ साली शिकागोत फ्रँक गॉचने हॅकनश्मिटला हरवलं, त्याला दोन तास लागले. १९१६ साली ओमाहात जो स्टेकर आणि एड 'स्ट्रँग्लर' लुईस जवळपास पाच तास एकमेकांना धरून राहिले आणि निकाल लागलाच नाही. येळ्ळूरच्या मैदानात पाच तासांची एक कुस्ती लागली तर किती लोक थांबतील? तिकडेही थांबेनात. तेव्हा लुईस, त्याचा मॅनेजर बिली सँडो आणि टूट्स मोंट अशा तिघांनी १९२० च्या दशकात धंद्याचा नकाशाच बदलला. वेळेची मर्यादा घातली, उचलून आपटणं, धावून धडकणं, ठोसे असं सगळं आत आणलं, पैलवानांचा ताफा पगारावर बांधून घेतला आणि गावोगाव तोच खेळ नेला. कोण जिंकणार, पुढच्या महिन्यात कुणाशी लावायची, हे सगळं आधी ठरलेलं. हे ठरवणारा तो बुकर.

ह्या तिघांनी वेन मन नावाच्या एका धिप्पाड फुटबॉलपटूला जगज्जेता केलं. दिसायला जबरदस्त, कुस्ती येत नव्हती. एप्रिल १९२५ मध्ये फिलाडेल्फियात त्याच्यापुढे एक जुना, थकलेला, नाव मोठं असलेला पैलवान हरायला ठेवला. तो झिबिस्को! आतून तो प्रतिस्पर्धी गटाला सामील झालेला होता. घंटा वाजली आणि त्याने वर्क सोडून शूट सुरू केलं. मनला खाली घ्यायचा, पाठ लावायचा, परत घ्यायचा, परत लावायचा. हजारो लोकांसमोर पंच किती वेळ दुसरीकडे बघणार? किताब द्यावाच लागला. ह्याला धंद्यात डबल क्रॉस म्हणतात. आपल्याकडे ज्याला आपण पळपुटा समजतो, त्याच माणसाने चाळिशी उलटल्यावर तिकडे एवढा मोठा डाव टाकला, हे आजोबांना सांगच.

झिबिस्कोचा धडा पुढे सगळ्यांनी लक्षात ठेवला. किताब नाटकातला असला तरी तो ज्याच्याकडे द्यायचा त्याला स्वतःचा बचाव करता आला पाहिजे. पुढच्या काळात लू थेझसारखा कसलेला पैलवान इतकी वर्षं विजेता राहिला त्यामागे हाच हिशेब. आणि तरीही ९ नोव्हेंबर १९९७ ला माँट्रियलमध्ये झालंच. किताब असलेला ब्रेट हार्ट डब्ल्यूडब्ल्यूईची कंपनी सोडून चालला होता, आपल्याच देशात, कॅनडात, शॉन मायकल्सकडून हरायला तो तयार नव्हता. मायकल्सने ब्रेटचाच डाव ब्रेटला घातला, ब्रेटने हार मानलेली नसताना मालक विन्स मॅकमॅननी घंटा वाजवायला लावली. ब्रेट रिंगमधूनच मालकाच्या तोंडावर थुंकला. हे खरं होतं. आणि ह्या खऱ्या रागातूनच कंपनीने पुढे मॅकमॅनना टीव्हीवर 'दुष्ट मालक' म्हणून उभं केलं आणि त्यावर वर्षानुवर्षं कमावलं. तेव्हापासून चाहत्यांची पंचाईत अशी की शूट दिसलं तरी ते वर्क असेल अशी शंका येते.

हील म्हणजे खलनायक, फेस म्हणजे नायक. तुझ्या खानापूर भागात दशावतार बघितला असशील तर हील समजावून सांगायची गरजच नाही. राक्षस आरडाओरडा करत मांडवात आला की पोरं जशी किंचाळतात, तेच काम. लोक चिडले तर हीट मिळाली, नायक आल्यावर छत उडेल असा गलका झाला तर पॉप मिळाला. बाजू बदलली की टर्न. जुलै १९९६ मध्ये हल्क होगन हील झाला तेव्हा लोकांनी रिंगमध्ये कचरा फेकला, आणि २०२५ मध्ये जॉन सीना झाला तेव्हा आमच्यासारखे जुने लोकसुद्धा रात्रभर त्यावरच बोलत होते. बाकीचे शब्द पटापट: वर चढवायचा तो पुश, हरण्यासाठीच ठेवलेला तो जॉबर, मार लागल्याचं सोंग म्हणजे सेल करणं, आणि चूक झाली की बॉच.

आता 'लागत नाही' ह्या गैरसमजाचं. रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळ फोम आणि वर ताणलेलं कापड. खाली पोकळ असल्यामुळे आवाज मोठा येतो, पण फळी ती फळीच. पडायला शिकावं लागतं, त्याला बंप घेणं म्हणतात: हनुवटी छातीला चिकटवायची, पाठीचा वरचा भाग सपाट टेकवायचा, दोन्ही हात तळव्यांसकट आपटायचे म्हणजे मार पसरतो, आणि श्वास सोडून द्यायचा. हनुवटी विसरलास तर डोकं आपटलं. मान दाबून धरलेली दिसते तेव्हा नीट बघ, वरच्याचं तोंड खालच्याच्या कानाशी असतं. पुढचा डाव तेव्हा सांगितला जातो. उचलून आपटताना उचलला जाणारा स्वतः उडी मारतो, नाहीतर सव्वाशे किलोचा माणूस कुणाला उचलतोय? अमेरिकेत पकड बहुतेक डाव्या बाजूने घेतात, मेक्सिकोत उजव्या, त्यामुळे तिकडचा पैलवान इकडे आला की सुरुवातीला गोंधळ उडतो. छातीवर उघड्या हाताने जी चापट बसते ती मात्र खरीच. वळ बघ, कॅमेऱ्यात दिसतात. आणि पंचाने डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली तर समजायचं, कुणाला तरी खरोखर लागलंय. मे १९९९ मध्ये ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट कॅन्सस सिटीत छतावरून दोराने उतरताना खाली पडून गेला. तेव्हा सभागृहातल्या लोकांना आधी कळलंच नाही की हे खेळातलं नव्हे.

आपल्याकडचं थोडं. दारा सिंग आणि किंग काँग नावाच्या पैलवानाच्या कुस्त्या आजोबांच्या पिढीने ऐकल्या, काहींनी बघितल्या. १९६८ साली मुंबईत दारा सिंगांनी लू थेझला हरवलं ते जागतिक किताब म्हणून सांगतात. त्या वेळी एनडब्ल्यूए ह्या अमेरिकी संघटनेचा किताब जीन किनिस्कीकडे होता. पण ह्या धंद्यात जगज्जेते एकाच वेळी चार-पाच असतात, त्यामुळे त्यावरून भांडायचं कारण नाही. दारा सिंग तालमीतून आलेले होते आणि थेझ त्यांना मानायचा. आमची पिढी टीव्हीवर आणि पत्त्यांवर वाढली. रँक, उंची, वजन, छाती, दंड असे आकडे छापलेले ते पत्ते. मधल्या सुट्टीत कोपऱ्यात डाव पडायचा आणि अंडरटेकर हा पैलवान सात वेळा मरून उठलाय ह्यावर शपथा घेतल्या जायच्या. त्याचा नाटकातला 'भाऊ' केन सख्खा सोड, लांबचाही भाऊ नाही. तो पुढे २०१८ मध्ये टेनेसीतल्या नॉक्स काउंटीचा मेयर झाला. खली २००७ मध्ये विजेता झाला तेव्हा आपल्याकडे पेढे वाटणारे होते, कुस्ती म्हणून मात्र त्यात बघण्यासारखं फार नव्हतं. माझं मत, राग मानू नये.

राहता राहिले आजोबा. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ चे हिंदकेसरी. अशी माणसं ज्या भागाने दिली तिथल्या म्हाताऱ्यांना दोर बांधलेल्या चौकोनातली उड्या मारणारी माणसं पटणार नाहीत, आणि पटवायचीही गरज नाही. पण एकदा त्यांच्याशेजारी बसून २००३ च्या रेसलमेनियातली (डब्ल्यूडब्ल्यूईचं वर्षातलं सगळ्यात मोठं मैदान) कर्ट अँगल आणि ब्रॉक लेसनरची कुस्ती लाव. अँगल १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता, लेसनर २००० चा अमेरिकी विद्यापीठांचा विजेता. सुरुवातीची काही मिनिटं आजोबा पट कसा काढला, कंबर कशी बांधली, हेच बोलतील बघ. शेवटी लेसनर वरच्या दोरावरून उलटी उडी घेतो आणि ती चुकून डोक्यावर पडतो. ते पडणं ठरलेलं नव्हतं, पुढची मिनिटं दोघांनी कशी निभावली ते बघ. जिंकतो कोण हे आधी सांगू नकोस. अँगल त्या वेळी हील होता, तरी आजोबा त्याच्याच बाजूने बोलणार, ह्यावर मी पैज लावायला तयार आहे.