झॉर्क खेळणारा बॉट: रीडलाइन का अडकते आणि मॉडेल कुठे लावावं

तुमचे प्रश्न दोन. पायथनमधून डीफ्रॉट्झ (झॉर्क हा टाइप केलेल्या कमांडींनी खेळायचा जुना मजकुरी साहस-खेळ चालवणारा प्रोग्रॅम) चालू केलं की पहिलं वर्णन छापून प्रोग्रॅम ढिम्म बसतो, तो का? आणि खेळण्याचं सगळं डोकं एखाद्या भाषा-मॉडेलवर सोपवावं का? पहिल्याचं उत्तर चार ओळींत होईल, दुसऱ्याला जरा लांबण लागेल.

ढिम्म बसतो कारण तुम्ही रीडलाइन, म्हणजे एकेक ओळ वाचणारं फंक्शन, वापरताय. ओळ संपल्याशिवाय ती परत येत नाही, आणि झॉर्क शेवटचं '>' छापून ओळ न मोडता तिथेच थांबतो. गेम तुमची वाट बघतोय आणि तुम्ही गेमची. पेक्स्पेक्ट लायब्ररी घ्या आणि 'नवी ओळ, लगेच >' दिसेपर्यंत वाचत राहा. एको बंद करा, नाहीतर स्वतःचीच कमांड गेमचं उत्तर समजून वाचाल. डीफ्रॉट्झला वजा एम (-m) हा पर्याय द्या म्हणजे लांब मजकुरात 'मोअर'पाशी अडणार नाही, आणि वजा एसने (-s) रँडमचं बीज, म्हणजे नशिबाचे आकडे जिथून सुरू होतात ती संख्या, पक्कं करा. गेममधल्या ट्रोल राक्षसाशी मारामारीत एकच कमांड कधी त्याला लोळवते तर कधी तुम्हाला. बीज बदलतं ठेवलंत तर बग आपला की नशिबाचा हे कळायचं नाही.

आता खरं काम. बॉटला पहिल्यांदा कळायला हवं ते 'काय करू' नव्हे, 'मी कुठे आहे'. सुरुवातीलाच 'व्हर्बोज' ही कमांड पाठवा, नाहीतर दुसऱ्यांदा खोलीत गेल्यावर नुसतं नाव मिळतं. पण नावावर नकाशा बांधू नका. 'फॉरेस्ट' नावाच्या खोल्या एकाहून जास्त आहेत आणि चक्रव्यूहात तर नाव आणि वर्णन दोन्ही सारखीच. 'उत्तरेला गेलो म्हणजे दक्षिणेने परत येईन' हेही गृहीत धरू नका. घराच्या पश्चिमेकडून उत्तरेला गेलात की घराच्या उत्तर बाजूला पोचता; तिथून दक्षिण म्हणालात तर उत्तर येतं की खिडक्यांना फळ्या ठोकल्यात. परतीची वाट पश्चिमेची आहे. म्हणून प्रत्येक दिशा एकतर्फी बाण म्हणून साठवा.

चक्रव्यूहात खुणेसाठी वस्तू टाकत जायची जुनी युक्ती आहे, पण गेममधला चोर त्या उचलून भलतीकडे टाकतो. इथे मी सरळ जेरिको सुचवेन. मायक्रोसॉफ्ट रिसर्चने २०१९ मध्ये आणलेली ही लायब्ररी झेड-मशीनच्या (झॉर्क ज्यावर चालतो त्या आभासी यंत्राच्या) मेमरीतून वस्तूंचं झाड, म्हणजे काय कशात आहे याची रचना, वाचते. खेळाडू कोणत्या क्रमांकाच्या खोलीत आहे ते थेट कळतं, स्थिती जपून परत मागेही जाता येतं. ही लबाडी आहे का? स्पर्धा असेल तर आहे. शिकायला बसला असाल तर खुशाल करा.

गेमच्या नकारांकडेही नीट बघा. 'हा शब्द मला माहीत नाही', 'ती वस्तू इथे दिसत नाही' आणि 'तिकडे जाता येत नाही' हे तीन वेगळे नकार आहेत. पहिला आला तर तो शब्द कायमचा काढून टाका, दुसरा आला तर फक्त या खोलीपुरता. शब्दकोश गेमच्या फाइलमधून काढलात तर 'मेलबॉक्स'चं शेवटचं अक्षर गायब दिसेल. घाबरू नका, झेड-मशीनच्या या आवृत्तीत शब्दाची पहिली सहा रोमन अक्षरंच मोजली जातात. कोशात सुमारे ७०० शब्द आहेत. चार शब्दांची प्रत्येक जुळणी करून बघायची म्हटलं तर आकडा २३ हजार कोटींच्या वर जातो. म्हणून 'टेक अमुक', 'ओपन तमुक' असे साचेच बरे.

मॉडेलबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. झॉर्क १९८० पासून बाजारात आहे, त्याची उत्तरं नेटवर ढिगाने पडलीत आणि मॉडेलने ती वाचलीत. ते झॉर्कमध्ये पुढे गेलं तर खेळलं की आठवलं, कसं ठरवणार? आजमवायचंच असेल तर टेक्स्टवर्ल्ड या मजकुरी गेम बनवणाऱ्या साधनाने नवा गेम तयार करून त्यावर आजमवा. शिवाय नियमांवर चालणारे बॉट कमी लेखू नका. १९८१ मध्ये कार्नेगी मेलनच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेला रोग-ओ-मॅटिक 'रोग' गेम सराईत माणसांच्या तोडीने खेळायचा, आणि २०२१ च्या नेटहॅक या गेमच्या स्पर्धेतही हाताने लिहिलेल्या नियमांचे बॉट न्यूरल नेटवर्कवाल्यांच्या बरेच पुढे राहिले. मॉडेल लावायचंच तर एका कामाला लावा: खोलीच्या वर्णनातून उचलता-उघडता येण्यासारख्या वस्तूंची नावं काढायला. कुठे जायचं ते तुमचा कोड ठरवू दे.

पहिलं लक्ष्य ३५ गुणांचं ठेवा, पूर्ण ३५० चं नको. खिडकीतून स्वयंपाकघरात शिरल्याचे १० आणि तळघरात उतरल्याचे २५. मधे दिवाणखान्यातला कंदील उचलायचाय, गालिचा सरकवायचाय, झडप उघडायचीय, आणि यांपैकी कशालाच गुण नाहीत. नुसत्या गुणांच्या मागे धावणारा बॉट कंदील न घेता खाली उतरतो आणि अंधारात ग्रू नावाचा राक्षस त्याला खातो. तेव्हा नवी खोली, नवी वस्तू आणि गेमचं कधी न ऐकलेलं वाक्य यांना बॉटच्या हिशेबात स्वतःचे गुण द्या. कंदिलाला मात्र आयुष्य आहे. उजेडात आल्यावर तो विझवायचा नियमही आत्ताच लिहून टाका.