दातांना तार लावायचीय? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी निम्म्याहून जास्त प्रश्न तारेबद्दलचेच आलेत, म्हणून हिरड्या आणि रूट कॅनालवाल्यांनी जरा थांबा, तुमचा नंबर पुढच्या अंकात.

प्रश्न: मुलगा बारा वर्षांचा आहे, वरचे दात पुढे आलेत. त्याच्या फाइलवर 'क्लास टू डिव्हिजन वन, ओव्हरजेट ८ मिमी, डीप बाइट' असं लिहिलंय. क्लास टू म्हणजे दुसऱ्या स्टेजला गेलंय का? आणि ओव्हरजेट, ओव्हरबाइट एकच ना?

उत्तर: अहो नाही, स्टेज वगैरे काही नाही, उगाच घाबरू नका. ही वर्गवारी एडवर्ड अँगल नावाच्या अमेरिकन डेंटिस्टने १८९९ मध्ये केली आणि अजूनही जगभर तीच चालते. तो बघायचा दाढा, पुढचे दात नाही. साधारण सहाव्या वर्षी जी पहिली कायमची दाढ येते ना, त्यातल्या वरच्या दाढेचं गालाकडचं पुढचं टोक खालच्या दाढेच्या खाचेत नीट बसलं तर क्लास वन, खालची दाढ त्यापेक्षा मागे राहिली तर क्लास टू, पुढे गेली तर क्लास थ्री. म्हणजे क्लास वन लिहिलं म्हणून दात सरळ असतीलच असं नाही, दाढा जागेवर आणि पुढे नुसती गर्दी, असे पेशंट भरपूर असतात. डिव्हिजन वन म्हणजे वरचे पुढचे दात बाहेर झुकलेत, टू असतं तर मधले दोन आत कललेले दिसले असते.

ओव्हरजेट आणि ओव्हरबाइटमध्ये सगळेच गोंधळतात. मुलाला दात मिटायला सांगा आणि बाजूने बघा, वरचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत ते आडवं अंतर म्हणजे ओव्हरजेट. आता समोरून बघा, वरच्या दातांनी खालचे किती झाकलेत ते उभं माप म्हणजे ओव्हरबाइट, आणि ते जास्त असलं की डीप बाइट. दोन्ही साधारण २-३ मिमी असले की ठीक धरतात. ८ मिमी म्हणजे दिसण्याचं सोडाच, पोरगं तोंडावर पडलं तर पहिला मार त्या दातांनाच. बारा वर्षांचा आहे म्हणजे वाढ अजून शिल्लक आहे, त्यामुळे खालचा जबडा मागे असेल तर ट्विन ब्लॉकसारखी काढता-घालता येणारी प्लेट चालेल का हे डॉक्टरांना आत्ताच विचारा, वाढ संपल्यावर तो पर्याय राहत नाही.

प्रश्न: दात हाडात पक्के असतात, मग एवढ्याशा तारेने हलतात कसे? आणि हलले की सैल होऊन पडणार नाहीत का?

उत्तर: हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न! दात हाडात सिमेंट केल्यासारखा बसलेला नसतोच मुळी. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटरपेक्षाही पातळ असा तंतूंचा थर असतो, दात त्यात टांगलेला असतो म्हणा ना. तारेने दात एका बाजूला दाबला की त्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि ज्या बाजूला तंतू ताणले जातात तिथे नवीन हाड भरणाऱ्या पेशी. पुढे खोदकाम, मागे भराव, असं करत दात सरकतो, महिन्याला साधारण एक मिलिमीटर. मधल्या काळात दात थोडा सैल लागतो, ते अपेक्षितच आहे.

आता लोक म्हणतात, डॉक्टर जरा जोरात आवळा म्हणजे लवकर होईल. उलट होतं! जास्त दाब दिला की त्या पातळ थरातल्या रक्तवाहिन्याच चिरडतात, पेशी पोचतच नाहीत आणि दात काही आठवडे अडून बसतो, वर मुळाचं टोक झिजायचीही भीती. म्हणून सुरुवातीला ०.०१४ इंच वगैरे जाडीची, निकेल-टायटॅनियमची गोल तार घालतात, ती कितीही वाकवा, परत मूळ आकारात यायला बघते आणि येता येता दात ओढते. यातल्या काही तारा तोंडाच्या उबेने ताठ होतात, गार पाण्याचा घोट घेतला की तेवढ्यापुरत्या नरम पडतात, 'गार पाणी प्यायलं की बरं वाटतं' म्हणणारे पेशंट खोटं बोलत नसतात. नंतर हळूहळू जाड, चौकोनी स्टीलची तार येते, कारण गोल तार ब्रॅकेटच्या (तार धरायला दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्याच्या) खाचेत फिरते आणि मुळाचा कल बदलायला काहीतरी पकड लागते ना.

प्रश्न: माझ्या मुलीचे चार चांगले दात काढायला सांगितलेत. एकही किडलेला नाही. मन होत नाही हो.

उत्तर: कुणाचंच होत नाही. प्रश्न जागेचा आहे. सुळ्याच्या मागची पहिली उपदाढ साधारण ७ मिमी रुंद असते, दोन्हीकडची काढली की एका जबड्यात १४ मिमी जागा मिळते. गर्दी कमी असेल तर दातांच्या कडा किंचित घासून किंवा जबडा अरुंद असेल तर तो रुंद करूनही भागतं. पहिल्या उत्तरातला तो एडवर्ड अँगल दात काढण्याच्या कट्टर विरोधात होता, पण त्याचाच शिष्य चार्ल्स ट्वीड पुढे आपल्या जुन्या पेशंटचे निकाल बघून काढायच्या बाजूला गेला, तेव्हा हा वाद आजचा नाही. तुम्ही एवढंच विचारा, 'न काढता केलं तर पुढचे दात किती बाहेर येतील?' डॉक्टर एक्स-रे आणि मापं समोर ठेवून सांगतील. नुसतं 'काढावेच लागतील' एवढंच ऐकू आलं तर दुसरं मत घ्या.

प्रश्न: वय ३४. अलायनर घेऊ का? तार दिसलेली नको.

उत्तर: वयाची अडचण नाही, हिरड्या आणि हाड चांगलं हवं. अलायनर म्हणजे दातांवर चढवायचा पारदर्शक प्लास्टिकचा साचा, तो दिवसातून २० ते २२ तास घालायला लागतो, खाताना काढायचा आणि ब्रश करून लगेच परत. स्वतःला प्रामाणिकपणे विचारा जमेल का. आणि अगदीच अदृश्य नसतं ते, पकडीसाठी दातांवर दातांच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतात.

प्रश्न: तारेचं टोक गालाला टोचतंय, अपॉइंटमेंटला दहा दिवस आहेत.

उत्तर: दात कोरडा करून टोकावर ऑर्थो वॅक्सची (तारेवर लावायच्या मऊ मेणाची) गोळी दाबून बसवा आणि क्लिनिकला फोन करा, टोक कापायला पाच मिनिटंही लागत नाहीत. घरी नेलकटर लावू नका, प्लीज.

प्रश्न: कॉलेजात असताना तार लावली होती, सहा वर्षांपूर्वी काढली. आता खालचे दात परत वाकडे व्हायला लागलेत, अक्कलदाढेमुळे का?

उत्तर: बिचारी अक्कलदाढ! तिच्या ढकलण्याने पुढचे दात वाकडे होतात याला नीट पुरावा मिळालेला नाही. मला सांग, रिटेनर, म्हणजे तार काढल्यावर दात जागेवर धरून ठेवायला दिलेली ती प्लेट, कुठे आहे? बहुतेक रुमालात गुंडाळून ठेवला आणि रुमालासकट कचऱ्यात गेला असणार, निम्म्या रिटेनरांचा शेवट असाच होतो. तार काढल्यावर हाड काही महिन्यांत बसतं पण हिरडीतले ताणलेले तंतू वर्षभर तरी दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात, शिवाय खालच्या पुढच्या दातांची गर्दी वयानुसार तार न लावलेल्यांचीही वाढते. म्हणून आता बरेच ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणारे डॉक्टर, रात्रीचा रिटेनर कायमचाच सांगतात, किंवा खालच्या एका सुळ्यापासून दुसऱ्यापर्यंत मागून बारीक तार चिकटवतात. थोडंसंच सरकलं असेल तर काही अलायनरवर काम होईल. आणि जुना रिटेनर सापडलाच तर जोर लावून बसवू नकोस, येताना डबीत घेऊन ये.