मायक्रोसर्जरीच्या पेशंटसाठी नर्सला किती दिवसांचं ट्रेनिंग लागतं?

तुमच्या बहिणीची ड्युटी कोल्हापुरात प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डला लागली आहे. फ्लॅपचे पेशंट, म्हणजे ज्यांना अंगाच्या एका भागाची कातडी-मांस शिरांसकट काढून दुसरीकडे जोडलंय ते, सांभाळायला किती दिवसांचं ट्रेनिंग लागतं, सर्टिफिकेट लागतं का, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय, "तसं सगळं डॉक्टरच बघतात ना?"

ते शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसले. सर्जन तासन्‌तास मायक्रोस्कोपला डोळे लावून दोन-तीन मिलिमीटरच्या शिरा केसाहून बारीक धाग्यानं जोडतात. मग ते घरी जातात, आणि जायलाच हवं. जोडलेल्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायचा धोका पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. त्या रात्री फ्लॅपकडे दर तासाला कोण बघतं? सिस्टर बघते.

आमच्याकडे कागलजवळ हायवेला गाडीवरून पडलेला एक मुलगा होता. नडगीचं हाड उघडं पडलेलं, त्यावर मांडीचा फ्लॅप बसवला होता. नाईटला गडहिंग्लजकडची एक नवी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली) मुलगी होती, माझ्या हाताखाली शिकलेली. मी सगळ्या मुलींना पहिल्या दिवशी बोटाला रबरबँड लावायला सांगते. घट्ट लावला की बोट पांढरं आणि गार पडतं, नख दाबून सोडलं तरी रंग परत येत नाही. ही आर्टरी, म्हणजे रक्त आत आणणारी शीर, बंद. जरा सैल लावला की बोट जांभळं होतं, टरटरतं आणि दाबून सोडलं की रंग झटकन परत येतो. ही व्हेन, म्हणजे रक्त परत नेणारी शीर, बंद. रक्त आत येतंय, पण बाहेर जायला वाट नाही.

हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना, गुलाबी असलेला फ्लॅप मध्यरात्रीनंतर जांभळट दिसायला लागला, कडा फुगल्या. तिनं आरएमओंना, म्हणजे वॉर्डच्या ड्युटी डॉक्टरांना, बोलावलं. ते म्हणाले, "रिफिल मस्त आहे, डॉप्लरचा आवाजही येतोय. सकाळी राऊंडला बघू." रिफिल म्हणजे दाबून सोडल्यावर रंग परत येणं, डॉप्लर म्हणजे शिरेतल्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र. इथंच घात होतो. दोन-तीन सेकंदांत रंग येणं ठीक, पण दाबायच्या आधी आल्यासारखा आला तर ते चांगलं लक्षण नव्हे. व्हेन तुंबली तरी आर्टरीचा आवाज काही वेळ येत राहतो. आणि आर्टरीपेक्षा व्हेनच जास्त वेळा तुंबते.

तिनं थेट सर्जनना फोन लावला. सर आले, सुई टोचली, काळपट रक्त भराभर आलं. तसंच ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं, गुठळी काढून व्हेन पुन्हा जोडली. फ्लॅप वाचला, पोराचा पाय वाचला.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मेमो! आरएमओंना डावलून फोन का केला म्हणून. मी मेट्रन मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन भांडले. आरएमओंवर माझा राग नव्हता, त्यांना हे कुणी शिकवलंच नव्हतं. पण जिनं बरोबर ओळखलं तिलाच जाब? वर दोन महिन्यांत तिची बदली बाळंतपणाच्या वॉर्डला. "सगळ्यांना सगळं आलं पाहिजे" म्हणे. शिकलेली मुलगी हलवायची आणि नव्या मुलीच्या हातात टॉर्च द्यायचा, याला मी ट्रेनिंग म्हणत नाही. फोन करायचा अधिकार दिला नाही तर शिकवलेलं सगळं चार्टवरच राहतं.

सर्टिफिकेटच्या मागे लागू नका. आठवडाभर जुन्या सिस्टरबरोबर दर तासाला फ्लॅपपाशी उभं राहू दे. हँडओव्हर टेबलावर बसून नको, दोघींनी पेशंटजवळ, एकाच उजेडात बघून करायचा. खोली उबदार हवी, पंखा-एसी अंगावर नको. पायाचा फ्लॅप असेल तर पाय खाली लोंबकळू द्यायचा नाही. मानेचा-जबड्याचा असेल तर गळ्याभोवतीची ट्रॅकची (श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या नळीची) फीत आवळलेली नाही ना, हे आधी बघायचं. आणि नातेवाइकांना ठणकावून सांगायचं, बिडी-सिगारेट बंद आणि तंबाखूची पुडीसुद्धा उशीखाली चालणार नाही. आपल्याकडे हे सांगण्यातच अर्धी ड्युटी जाते.

एक राहिलंच. सावळ्या कातडीवर रंग फसवतो, तिथं दुसऱ्या बाजूच्या कातडीशी ताडून बघायचं आणि फुगवटा, ऊब यांच्यावर जास्त भर द्यायचा. आत पुरलेला फ्लॅप दिसतच नाही, तिथं डॉप्लरवरच भिस्त. सुई टोचणं सर्जनवर सोडायचं. प्रत्येक सरांची पद्धतही वेगळी असते, त्यांच्या ऑर्डरच्या वर माझं काही नाही.

बहिणीला पहिल्याच दिवशी विचारायला सांगा: रात्री शंका आली तर फोन कुणाला करायचा? आणि तो नंबर सर्जनच्या सहीनिशी फाइलवर लिहून घ्यायला सांगा.