हलकं फ्लायव्हील बसवण्याआधी

मित्रा, आधी हे लक्षात घे: हलक्या फ्लायव्हीलने (क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, त्याच्या मागच्या टोकाला बसणारं जड चाक) इंजिनची ताकद वाढत नाही. फिरवायचं ओझं कमी होतं, म्हणून आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) झटकन चढतात आणि तितक्याच झटकन उतरतात. फरक पहिल्या-दुसऱ्या गिअरला कळतो, पाचव्यात जवळपास नाहीच.

मूळ बिडाचं फ्लायव्हील लेथवर कापून हलकं करून घेऊ नकोस, कितीही स्वस्तात होत असलं तरी. बीड ठिसूळ असतं. ७००० आरपीएमला फुटलं तर तुकडे बेलहाउसिंग (फ्लायव्हील-क्लचभोवतीचं कवच) फोडून थेट पायांपर्यंत येतात. अखंड पोलादातून कोरलेलं, बॅलन्स केलेलंच घे.

फ्लायव्हीलसाठी गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सीलही बदल. मी जुनं सील तसंच ठेवलं होतं. महिन्याभरात नवी प्लेट तेलाने भिजली, सगळं पुन्हा उतरवलं. फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच घाल, समोरासमोरचे आवळत जा, टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलमध्ये आहे तेवढाच.

मूळचं ड्युअल-मास (मधे स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं फ्लायव्हील) असेल तर न्यूट्रलला गिअरबॉक्स खडखडेल, घाबरू नकोस. पण गाडी रोज ट्रॅफिकमध्ये न्यायची असेल तर फार हलकं घेऊ नकोस. चढावर क्लच सोडताना बंद पडत राहील.