डोंगराळ जंगलात शिकारीला जायचंय, बूट कोणते घेऊ?
ब्रँड नंतर, आधी फिटिंग बघा. बूट संध्याकाळी ट्राय करा कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, आणि जे जाड लोकरी मोजे तिकडे घालणार तेच घालून बघा, उतारावर बोटं पुढे आपटायला लागली की संपलं, नखं काळी पडतात (माझी पडलीयेत). खडकाळ चढ आणि पाठीवर वजन असेल तर घोट्याच्या वर जाणारा कडक सोलचा बूट हवा, पण सपाट रानात दबकत चालायचं असेल तर मऊ सोल बरा, आवाज कमी होतो. वॉटरप्रूफवाले ओल्यात भारी, फक्त वरून आत पाणी शिरलं की वाळता वाळत नाहीत. कॉटनचे मोजे अजिबात नको. आणि नवे बूट डायरेक्ट नेऊ नका, आधी दोनतीन आठवडे वजन घेऊन चाला, पायात रुळू द्या.