सांगाड्याची दोरी दिसलीच पाहिजे

गेल्या अंकात १९५०च्या दशकातील स्वस्तातल्या अमेरिकी भयपटांवर आणि विज्ञानपटांवर लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख मूळ चित्रपटांपेक्षा त्यांच्या विडंबनांकडे आहे. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले असून एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ आणि ‘द लॉस्ट स्केलेटन ऑफ कडाव्हरा’ हे दोन्ही चित्रपट मी एकाच आठवड्यात पाहिले. दोन्हींत अभिनय ठोकळेबाज, संवाद निरर्थक आणि यंत्रे पुठ्ठ्याची आहेत. मग पहिल्याला जगातला सर्वांत वाईट चित्रपट म्हणायचे आणि दुसऱ्याचे कौतुक करायचे, हा कुठला न्याय? — एक वाचक, पुणे

आपल्या प्रश्नातच विषयाचे मर्म आहे, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

दिग्दर्शक एड वूड यांनी ‘प्लॅन नाइन’चे चित्रीकरण १९५६ मध्ये केले आणि तो सर्वत्र प्रदर्शित व्हायला १९५९ उजाडले. बेला लुगोसी हे त्यातले मोठे नाव; पण ते ऑगस्ट १९५६ मध्येच वारले आणि वूड यांच्या हाती त्यांची आधी टिपलेली काही मिनिटांची दृश्ये तेवढी उरली. उरलेल्या भागासाठी त्यांनी आपल्या पत्नीच्या ओळखीतला, हाडे-सांधे बसवणारा एक वैद्य उभा केला. तो लुगोसींपेक्षा चांगलाच उंच होता आणि चेहऱ्यानेही मुळीच मिळताजुळता नव्हता, म्हणून तो संपूर्ण चित्रपटभर झग्याची कड नाकापर्यंत ओढून वावरतो. पैसा एका बाप्टिस्ट चर्चच्या मंडळींनी दिला होता. त्यांच्या आग्रहाखातर चित्रपटाचे मूळ नाव बदलावे लागले आणि काही कलावंतांना बाप्तिस्माही घ्यावा लागला. हे सारे सांगण्याचे कारण असे, की यातली एकही गोष्ट हसवण्यासाठी केलेली नाही. वूड यांना खरोखरच अणुशस्त्रांच्या धोक्याविषयी काही सांगायचे होते. पैसा, वेळ आणि कौशल्य हे तिन्ही अपुरे पडले. श्रद्धा तेवढी पुरून उरली. १९८० मध्ये मेडव्हेड बंधूंच्या पुस्तकाने या चित्रपटाला सर्वांत वाईट ठरवले आणि तेव्हापासून त्याची कीर्ती वाढतच गेली. वूड मात्र ती पाहायला उरले नव्हते. ते १९७८ मध्येच गेले.

आता दुसऱ्या चित्रपटाकडे वळू. लॅरी ब्लामायर यांनी तो २००१ मध्ये अगदी तुटपुंज्या पैशांत, डिजिटल व्हिडिओवर तयार केला, त्याला कृष्णधवल रूप दिले आणि २००४ मध्ये तो चित्रपटगृहांत आला. लेखक, दिग्दर्शक आणि नायक तेच. एक शास्त्रज्ञ पत्नीसह डोंगरातल्या लाकडी घरात उतरतो, कारण त्याला ‘ॲट्मॉस्फिरियम’ नावाचे दुर्मिळ द्रव्य असलेली उल्का शोधायची आहे. दुसऱ्या, दुष्ट शास्त्रज्ञाला त्याच द्रव्याने गुहेतला सांगाडा जिवंत करायचा आहे. आणि ‘मार्वा’ ग्रहावरून आलेल्या, यान बिघडलेल्या दांपत्यालाही नेमके तेच द्रव्य हवे आहे. दुष्ट शास्त्रज्ञ जंगलातली चार जनावरे एकत्र करून एक स्त्री निर्माण करतो आणि तिला घेऊन मेजवानीला जातो. कथा एवढीच आहे.

फरक संवादांत पाहावा. नायक बायकोला गंभीरपणे सांगतो, की या उल्केमुळे विज्ञानाच्या क्षेत्रात विज्ञानाची प्रत्यक्ष प्रगती होऊ शकेल. परग्रहवासी नवरा यजमानांकडे सारवासारव करतो, की आपण परग्रहावरून आलेलो नाही हे माझी बायको कधीकधी विसरते. असे वाक्य चुकून लिहिले जात नाही. जुन्या चित्रपटांतले लेखक घाईत एकच गोष्ट दोनदा सांगत. ब्लामायर यांनी ती सवय नेमकी हेरली आणि एक अंश वाढवली. अर्धा अंशही जास्त झाला असता, तर ते शाळकरी नकलेत जमा झाले असते.

मराठी वाचकाला हे समजायला हॉलिवूडपर्यंत जाण्याची गरज नाही. केशवकुमारांनी ‘झेंडूची फुले’ मध्ये रविकिरण मंडळाच्या कवितेची जी टर उडवली, ती रंगली याचे कारण वृत्त, यमक आणि त्या कवींचे लाडके शब्द त्यांच्या हातात पक्के बसलेले होते. ज्याला वृत्त येत नाही, त्याची मोडकी ओळ विडंबन ठरत नाही. अमेरिकी लेखिका सुझन सोंटॅग यांनी १९६४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात नकळत झालेला भडकपणा आणि जाणूनबुजून केलेला भडकपणा असा भेद केला आणि पहिल्याला झुकते माप दिले. मला तो कौल अर्धाच पटतो, कारण जाणूनबुजून केलेले बहुधा फसते हे खरे असले, तरी ब्लामायर यांच्यासारखा एखादा माणूस ते साधतो तेव्हा त्यामागची मेहनत वूड यांच्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

म्हणून न्याय असा, की वूड यांच्याकडे आपण त्यांच्या चुकांसाठी जातो आणि ब्लामायर यांच्याकडे चुकांच्या अभ्यासासाठी.

या सर्व चित्रपटांत गुहा एकसारखीच का दिसते? माझा मुलगा म्हणतो, ती एकच गुहा आहे. — एक वाचक, नागपूर

मुलाची नजर चांगली आहे. लॉस एंजेलिसमधल्या ग्रिफिथ पार्कच्या एका कोपऱ्यात ‘ब्रॉन्सन कॅन्यन’ नावाची जागा आहे. ती निसर्गाने केलेली गुहा नाहीच. १९०३ मध्ये तेथे दगडाची खाण सुरू झाली आणि खाण बंद पडल्यावर टेकडीतून आरपार गेलेला एक आखूड बोगदा आणि भोवतीचे उघडेबोडके कडे मागे राहिले. जरा बाजूने कॅमेरा लावला तर ती अथांग गुहा वाटते. थेट समोरून लावला तर पलीकडचा उजेड दिसतो, म्हणून कॅमेरा नेहमी तिरका ठेवावा लागतो. स्टुडिओ हाकेच्या अंतरावर असल्यामुळे कलावंतांच्या मुक्कामाचा खर्च नाही, आणि पडद्यावर मात्र ती जागा चंद्र, मंगळ किंवा ॲरिझोना यांपैकी काहीही होऊ शकते.

१९५३ च्या ‘रोबॉट मॉन्स्टर’मधला राक्षस येथेच राहतो. यंत्रमानवाचा पोशाख परवडेना, तेव्हा निर्मात्यांनी स्वतःचा गोरिलाचा पोशाख असलेला एक नट गाठला आणि त्याच्या डोक्यावर पाणबुड्याच्या शिरस्त्राणासारखे टोप चढवले. गुहेच्या तोंडाशी एक यंत्र अखंड साबणाचे फुगे सोडत असते आणि त्या यंत्राच्या कंपनीला श्रेयनामावलीत सन्मानाने स्थान दिलेले आहे! साधारण चार दिवसांत उरकलेल्या या चित्रपटाला संगीत मात्र एल्मर बर्नस्टाइन यांचे आहे, जे पुढे फार मोठे संगीतकार झाले. दूरचित्रवाणीवरच्या १९६६ च्या बॅटमॅनची मोटार ज्या गुहेतून सुसाट बाहेर पडते, तीही हीच.

ब्लामायर यांनी आपला सांगाडा याच परिसरात आणला, तेव्हा जाणकार प्रेक्षक पहिल्याच दृश्याला हसले असणार. चित्रपटातला सांगाडा शरीरशास्त्राच्या वर्गात टांगलेला असतो तसा आहे आणि त्याच्या दोऱ्या दिसतात. तो विल्यम कॅसल यांना केलेला नमस्कार आहे, असे मी मानतो. १९५९ मध्ये कॅसल यांनी ‘हाउस ऑन हॉन्टेड हिल’च्या खेळांना प्रेक्षकांच्या डोक्यावरून तारेवर सरकणारा प्लास्टिकचा सांगाडा सोडला होता. त्याच वर्षीच्या ‘द टिंगलर’साठी तर त्यांनी काही खुर्च्यांखाली थरथरणारी यंत्रे बसवून घेतली.

एवढे वाईट चित्रपट मुळात इतक्या संख्येने का निघाले? — दोन वाचक, सांगली व मुंबई

गिऱ्हाईक होते म्हणून. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मोठ्या कंपन्यांना आपली चित्रपटगृहे सोडावी लागली आणि जोडीला दाखवायचे लहान चित्रपट काढण्यात त्यांना रस उरला नाही. एका तिकिटात दोन चित्रपट ही सवय मात्र प्रेक्षकाला लागलेली होती. शिवाय मोटारीत बसून चित्रपट पाहण्याची उघडी मैदाने दशकाच्या अखेरीस चार हजारांवर गेली आणि तेथे येणाऱ्या तरुण जोडप्यांचे पडद्याकडे फारसे लक्ष नसे. १९५४ मध्ये निघालेल्या एका कंपनीत तर आधी नाव ठरे, मग भित्तिपत्रक रंगवले जाई, ते चित्रपटगृहवाल्यांना आवडले तरच कथा लिहिली जाई. भित्तिपत्रकावरचा राक्षस पडद्यावर कधीच सापडत नाही, त्याचे हे कारण आहे.

‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ला आपण या यादीत का घेतले नाही? — एक वाचक, रत्नागिरी

कारण तो गरिबीची चेष्टा करत नाही. मेल ब्रुक्स यांच्या या १९७४ च्या चित्रपटाने युनिव्हर्सल स्टुडिओच्या १९३० च्या दशकातील देखण्या, सधन भयपटांची थट्टा केली आणि त्यासाठी तितकीच देखणी छायाचित्रकला वापरली. एका कंपनीने कृष्णधवल चित्रपटाला नकार दिल्यावर ब्रुक्स दुसऱ्या कंपनीकडे गेले, पण रंगीत करायला तयार झाले नाहीत. १९३१ च्या मूळ चित्रपटातली ठिणग्या उडवणारी प्रयोगशाळा केनेथ स्ट्रिकफॅडन यांनी बांधली होती. ती यंत्रे त्यांनी घरच्या गॅरेजमध्ये जपून ठेवली होती आणि तीच येथे पुन्हा उभी राहिली. विडंबनाचा विषय वेगळा असला, तरी आदर्श म्हणून तो अवश्य पाहावा. माझ्या मते त्या प्रकारात त्याच्या पुढे कोणी गेलेले नाही.

‘अटॅक ऑफ द किलर टोमॅटोज’मध्ये हेलिकॉप्टर कोसळते ते खरे आहे काय? — एक वाचक, ठाणे

होय. सॅन डिएगो येथे चित्रीकरण चालू असताना हेलिकॉप्टरचा शेपटीकडचा पंखा जमिनीला लागला आणि ते कोसळून पेटले. आतली माणसे वाचली, कॅमेरा चालूच होता, आणि एक लाख डॉलरपेक्षा कमी खर्चाच्या त्या चित्रपटात ते दृश्य तसेच ठेवले गेले. १९७८ चा हा चित्रपट पाहताना एवढी वीस सेकंदे अंगावर काटा आणतात. बाकी विनोद मला फार मोकाट वाटतो. त्याच्या १९८८ च्या दुसऱ्या भागात जॉर्ज क्लूनी आहेत, एवढे कोड्यापुरते लक्षात ठेवावे.

‘झपाटलेला’ हे मराठीतले असे विडंबन म्हणता येईल का? — एक वाचक, कोल्हापूर

म्हणता येणार नाही, आणि त्यात त्या चित्रपटाचा कमीपणाही नाही. १९९३ च्या ‘झपाटलेला’त महेश कोठारे यांनी खुनी बाहुल्याची कल्पना अमेरिकी भयपटावरून घेतली, पण तिची टिंगल केली नाही. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्याची घाबरगुंडी हसवते, तर रामदास पाध्ये यांच्या कौशल्याने हलणारा तात्या विंचू खराच धोकादायक राहतो. अनेक घरांतली मुले त्या काळात बाहुला खोलीबाहेर ठेवून झोपली, ती उगाच नव्हे. तो विनोदी भयपट आहे. भयपटाच्या धाटणीवर हसणारा चित्रपट वेगळा.

हिंदीत रामसे बंधूंचे चित्रपट आज लोक हसत पाहतात, परंतु ते ‘प्लॅन नाइन’च्या बाजूचे आहेत, करणाऱ्यांना भीतीच दाखवायची होती. गंमत अशी, की १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मध्ये सामरी या सैतानाच्या कथेला समांतर जगदीप यांचे एक उपकथानक आहे आणि ते उघडउघड ‘शोले’चे विडंबन आहे. भयपट स्वतः गंभीर राहून दुसऱ्याची टर उडवतो, असा हा उलटा प्रकार आहे. खुद्द रामसेपटांच्या धाटणीचे, त्या धुराचे, त्या करकरणाऱ्या दारांचे आणि हवेलीच्या जख्ख रखवालदाराचे कसून केलेले, पूर्ण लांबीचे मराठी विडंबन कोणी करील तर मी पहिल्या खेळाला रांगेत उभा राहीन.

आमच्या महाविद्यालयाच्या गॅदरिंगसाठी आम्ही पंधरा मिनिटांचा असा चित्रपट करत आहोत. पैसे जवळपास नाहीत. काय टाळावे? — एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

पैसे नाहीत ही आपली जमेची बाजू समजा. टाळायची मुख्य गोष्ट एकच आहे. नटाने प्रेक्षकाकडे पाहून, ‘कळले ना, आम्ही मुद्दाम करतोय’ असे डोळ्याने सुचवू नये. गेल्या काही वर्षांत मुद्दाम वाईट म्हणून विकले जाणारे शार्कपट निघाले, त्यांत प्रत्येक दृश्य असा डोळा मारत असते आणि दहा मिनिटांत कंटाळा येतो. ज्याला आपण जग वाचवत आहोत असे मनापासून वाटते, अशा नटाला नायक करा. तालमीत जो सर्वांत आधी हसतो, त्याला कॅमेऱ्यामागे पाठवा.

संवाद लिहिताना आधी खरे जुने चित्रपट पाहून त्यांच्या सवयी वहीत उतरवा: पात्रे एकमेकांना ठाऊक असलेली माहिती पुन्हा सांगतात, शास्त्रज्ञ कोणत्या विषयाचा ते कधीच कळत नाही, दार उघडून आत येणारा माणूस दारात थांबून वाक्य पुरे करतो. त्यांतल्या तीन-चारच निवडा आणि त्या शेवटपर्यंत पाळा. सगळ्याच एकदम वापरल्या, की विडंबनाचा काला होतो.

राक्षसाची काळजी नको. जॉन कारपेंटर आणि डॅन ओबॅनन यांनी १९७४ चा ‘डार्क स्टार’ विद्यार्थिदशेतच सुरू केला होता, आणि त्यांच्या यानातला परग्रहावरचा प्राणी म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा रंगवलेला चेंडू होता, खाली रबरी पंजे लावलेला. ओबॅनन स्वतःच त्या चेंडूमागे यानभर धावतात आणि एका क्षणीही हसत नाहीत. यानात शिरलेल्या प्राण्याची तीच कल्पना त्यांनी पुढे भीतीसाठी वापरली. त्या पटकथेवरचा ‘एलियन’ १९७९ मध्ये आला.